वाण्याची वही आणि गिरणगावचं ताट

१९२३ साली मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं शहरातल्या कामगारांच्या घरखर्चाचा एक अहवाल छापला. या कचेरीचे संचालक जी. फिंडले शिरास यांनी १९२१-२२ मध्ये २,४७३ कुटुंबांचा आणि एकट्या राहणाऱ्या ६०३ पुरुषांचा महिन्याचा जमाखर्च गोळा केला होता. त्यात गिरणी कामगारांचा भरणा मोठा होता. कुटुंबाची सरासरी कमाई महिन्याला ५२ रुपयांच्या आसपास निघाली आणि त्यांच्या खर्चातला सुमारे ५७ टक्के भाग पोटावरच जात होता. या अहवालातलं एक वाक्य पुढं अनेकांनी उद्धृत केलं. त्याचा आशय असा की मुंबईचा कामगार दुष्काळ संहितेत मंजूर असलेल्या कमाल धान्याइतकंच धान्य खातो, आणि तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला नेमून दिलेल्या धान्यापेक्षा कमी खातो. आकडे पाहिले तर कामगाराच्या वाट्याला दिवसाला १.२९ पौंड धान्य, दुष्काळी कामावर खोदकाम करणाऱ्यालाही १.२९ पौंड, आणि मुंबई इलाख्याच्या तुरुंगात सक्तमजुरी भोगणाऱ्या कैद्याला दीड पौंड. डाळीची तफावत याहून बोलकी आहे. कैद्याला ०.२७ पौंड, तर कामगाराला ०.०९, म्हणजे कैद्याच्या डाळीचा तिसरा हिस्सा. कैदी म्हणजे प्रौढ पुरुष आणि कुटुंबात बायकामुलंही येतात, तेव्हा ही तुलना अन्यायाची आहे, असं कुणी म्हणेल. पण पाहणीत बायकांचं आणि मुलांचं खाणं प्रौढ पुरुषाच्या मापात बदलून मगच हिशेब मांडला होता.

दुष्काळ संहितेतलं हे माप कुठून आलं, तेही लक्षात घ्यायला हवं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी मद्रास इलाख्यातल्या दुष्काळी कामांवर पुरुष मजुराची रोजी एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली. एवढ्यावर माणूस कष्टाचं काम करू शकत नाही, असं मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश आकडे देऊन सांगत राहिले. मुंबई इलाख्यातही १८७७ च्या सुरुवातीला मजुरी कापली गेली, तेव्हा हजारो उपाशी माणसांनी कामं सोडून दिली. त्या काळात पुण्याची सार्वजनिक सभा त्यांची बाजू सरकारपुढं मांडत होती. या सगळ्या वादातून, लाखो माणसं मेल्यानंतर, दुष्काळ आयोग आला आणि आयोगातून दुष्काळ संहिता आली. माणूस मरू नये आणि त्याच्याकडून थोडंफार खोदकाम व्हावं, एवढ्यापुरतंच ते माप बेतलेलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या काही गिरण्या भागधारकांना शंभर टक्क्यांहून जास्त लाभांश वाटत होत्या, आणि त्याच वर्षांत त्या गिरण्या चालवणारी माणसं दुष्काळाच्या मापानं जेवत होती.

असं का होतं, याचं त्या काळी दिलं जाणारं उत्तर साधं होतं. हे लोक अडाणी आहेत, जुन्या सवयी सोडत नाहीत, काय खावं ते त्यांना कळत नाही. विज्ञानानंही नकळत त्याला हातभार लावला. १९२० च्या दशकात कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या समाजांचा आहार उंदरांना घालून पाहिला. शिखांच्या आहारावर वाढलेले उंदीर सगळ्यांत सुदृढ, त्यांच्याखाली पठाण, मग मराठे, आणि तळाला बंगाली व मद्रासी, अशी उतरंड त्यांनी लावली. प्रयोग मोलाचा होता. दूध, भाज्या आणि भरड पीठ यांचं महत्त्व त्यानं दाखवून दिलं. पण आहार ही समाजासमाजाची खूण आहे, अशी समजूत त्यातून रुजली. मुंबईत मात्र एकाच जिल्ह्यातून, एकाच गावातून, एकाच जातीतून आलेल्या दोन माणसांच्या ताटात कमाईनुसार फरक पडत होता. गिरणगावचं, म्हणजे मुंबईतल्या गिरणी वस्तीचं, ताट ठरत होतं ते पगाराच्या तारखेनं, उधारीनं, खोलीच्या आकारानं आणि दिवसातून किती तास आपल्या हातात उरतात त्यानं, असं माझं म्हणणं आहे. अन्न कोणतं चांगलं, हे ज्ञान या चारांपुढं दुबळं पडत होतं.

पगाराच्या तारखेपासून सुरुवात करू. मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्याचा असे, आणि तो हातात पडे पुढच्या महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेच्या दरम्यान. म्हणजे पहिल्या तारखेला कामावर लागलेल्या नव्या माणसाला पहिला पैसा पाहायला दीड महिना वाट पाहावी लागे. न कळवता काम सोडलं तर मागे राहिलेला पगार बुडण्याची भीती असे. खाडा झाला की पैसे कापले जात, बिघडलेलं कापड विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून वळती होई, आणि बदली कामगाराला तर उद्या काम मिळेल की नाही याचीही खात्री नसे. काम मिळायचं ते मुकादमाच्या मर्जीनं, आणि ती मर्जी राखायला दस्तुरी द्यावी लागे. या दीड महिन्यात घरात चूल पेटवायची ती वाण्याच्या उधारीवर. एकदा वाण्याच्या वहीत नाव चढलं की दुसऱ्या दुकानी जायची सोय राहत नसे, कारण तिथं कोण उधार देणार? वाणी जो तांदूळ देईल तो घ्यायचा, जो भाव लावील तो मानायचा, मापात मारलं तरी बोलायचं नाही. बाजारात शेजारीच चांगला तांदूळ त्याच भावानं मिळत असला तरी तो रोखीचा असे. पगार झाला की आधी वाण्याचं देणं, मग खोलीचं भाडं, मग गावाकडं मनिऑर्डर, आणि महिन्याच्या मध्यावरच पुन्हा वही सुरू. शिरास यांच्या पाहणीत ४७ टक्के कुटुंबं कर्जात होती आणि त्यांचं कर्ज सरासरी अडीच महिन्यांच्या कमाईइतकं होतं. पठाण किंवा इतर सावकाराचं व्याज साधारण रुपयाला महिन्याचा एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. अशा माणसाला दूध आणि पालेभाजीचं महत्त्व पटवून देणं म्हणजे त्याच्या हातात नसलेल्या गोष्टीबद्दल त्याला जबाबदार धरणं होय.

खोलीचंही तसंच. त्याच अहवालानुसार मुंबईतली ९७ टक्के कामगार कुटुंबं एका खोलीत राहत होती. एका खोलीत सहा-सात माणसं, त्यातच चूल, मोरी, अंथरुणं आणि कोपऱ्यात एखादी ट्रंक. सुगीत स्वस्त झालेलं धान्य पोत्यानं भरून ठेवायला जागा नाही आणि एकरकमी पैसाही नाही. म्हणून तेल पैशा-दोन पैशांचं, मसाला पुडीतला, लाकूडफाटाही रोजच्या रोज. थोडं थोडं घेणाऱ्याला प्रत्येक वस्तू महाग पडते, आणि थोडं थोडं घ्यावं लागतं ते गरिबालाच. सरपण महाग, म्हणून शिजायला वेळ लागणारी कडधान्यं मागे पडतात. एकदाच रांधायचं आणि तेच दोन्ही वेळा पुरवायचं. या जाचातही लोकांनी शहाणपणानं निवड केली होती, आणि त्याची दखल फार थोड्यांनी घेतली. कोकणातून आलेल्या माणसाच्या भाताबरोबर सुका बोंबील, सुकट किंवा जवळा असे. घाटावरच्या माणसाच्या ज्वारी-बाजरीच्या भाकरीबरोबर चटणी आणि कांदा. सुकी मासळी स्वस्त, महिनोन्‌महिने टिकणारी, चिमूटभर घातली तरी भाताला चव आणणारी, आणि त्या ताटातलं प्रथिन व कॅल्शियमही तीच पुरवायची. पोषणशास्त्र शिकलेल्या माणसाला तेवढ्या पैशांत आणि तेवढ्या जागेत याहून चांगला जिन्नस सुचला असता असं वाटत नाही.

आता वेळ. १९२० च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दिवस दहा तासांचा झाला, त्याआधी तो बारा तासांचा होता. बाईसाठी हे तास फक्त गिरणीतले. पहाटे नळाला पाणी येईल तेव्हा उठून पाणी भरायचं, रांधायचं, डबे भरायचे आणि मग भोंगा वाजताच दारात हजर व्हायचं. अंगावर पिणारं मूल असेल तर त्याचं काय करायचं? १९२२ मध्ये सरकारनं नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरनं गिरणीत काम करणाऱ्या बायकांची पाहणी केली. त्यांच्या ९८ टक्के तान्ह्या मुलांना अफू दिली जात असल्याचं तिच्या अहवालात आहे. बाळगोळी या नावानं ती मिळायची. मूल दिवसभर गुंगीत राही, रडत नसे, आणि भूकही मरत असे. हा आकडा आईच्या अडाणीपणाचा पुरावा म्हणून अनेकदा वापरला गेला. मला तो उलट दिशेनं वाचावासा वाटतो. अडाणीपणा माणसागणिक कमीजास्त असतो. काही आया शहाण्या, काही भोळ्या, काहींना सासू सांगणारी, काहींना कोणीच नाही. असं असताना शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणी एकच गोष्ट करतात, तेव्हा त्यामागं समजुतीपेक्षा परिस्थितीचा हात मोठा असतो. मूल गिरणीत नेलं तर कापसाच्या धुळीत आणि यंत्राच्या पट्ट्यांमध्ये ठेवायचं, घरी ठेवलं तर शेजारणीच्या भरवशावर, आणि काम सोडलं तर बाकीच्या मुलांच्या तोंडचा घास जायचा. पाळणाघर जवळजवळ कुठंच नव्हतं.

याचा परिणाम मृत्यूच्या नोंदींत दिसतो. १९२१ मध्ये मुंबईत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांतल्या बालमृत्यूचं प्रमाण दर हजार जन्मांमागं ८२८ नोंदवलं गेलं, तर चार किंवा जास्त खोल्यांच्या घरांत ते १३३ होतं. यावर एक आक्षेप रास्त आहे आणि तो मान्य केला पाहिजे. अनेक बायका बाळंतपणाला गावी जात, मूल गावी जन्मे आणि मुंबईत मरे. शहरातल्या जन्मांची नोंदही अपुरी होती. त्यामुळं ८२८ हा आकडा खऱ्यापेक्षा फुगलेला आहे, यात शंका नाही. पण नोंदीतल्या चुका धरूनही एका खोलीत आणि चार खोल्यांत इतकी दरी उरते की तिचं स्पष्टीकरण नुसत्या नोंदवहीतून देता येत नाही. दोन खोल्यांच्या घरांतलं प्रमाण या दोहोंच्या मध्ये, तीन खोल्यांचं त्याहून खाली, असा तो क्रम पायरीपायरीनं उतरत जातो.

एकट्या पुरुषांची गोष्ट थोडी वेगळी होती. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतली ८४ टक्के माणसं शहराबाहेर जन्मलेली होती, आणि गिरणगावात रत्नागिरीच्या माणसांचा भरणा मोठा. बायकोमुलं गावी, आणि आठ-दहा जणांनी मिळून घेतलेल्या खोलीत पथारी. त्यांच्या जेवणाची सोय खाणावळीनं केली. बहुतेक खाणावळी चाळीतल्याच एखाद्या विधवेनं किंवा ज्याला पुरेसं काम नाही अशा कामगाराच्या बायकोनं चालवलेल्या. महिन्याचे पैसे घ्यायचे आणि दोन वेळचा डबा द्यायचा. मात्र खाणावळवालीला तिचे पैसे मिळायचे कामगाराचा पगार झाल्यावर, म्हणजे तीसुद्धा वाण्याच्या वहीतच. ताटातली आमटी किती पातळ, हे तिच्या हातापेक्षा त्या वहीवर जास्त ठरे. त्यातच चहा आला. चहामळेवाल्यांनी आपल्या मालाला गिऱ्हाईक मिळावं म्हणून पहिल्या महायुद्धाच्या काळापासून कारखान्यांत आणि गिरण्यांत चहाचे ठेले मुद्दाम लावून घेतले. गोड चहा दोन तास भूक दाबतो, हात चालता ठेवतो, आणि एका पैशात मिळतो. पुढं कामगार चहाबाज आहेत असं म्हटलं जाऊ लागलं. ती सवय कुणी आणि कशासाठी लावली, हे असं म्हणणारे सोयीनं विसरले.

गरिबी सगळ्यांची सारखी नव्हती, हे सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. गिरणीत विणकाम खात्याचा पगार चांगला, पण तिथं अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कांडी बदलताना धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि ज्या धोट्याला अस्पृश्याचं तोंड लागलं त्याला आपण तोंड लावणार नाही, अशी सवर्ण कामगारांची अडवणूक होती. १९२८ च्या सहा महिन्यांच्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हाच मुद्दा पुढाऱ्यांपुढं धरला. पोटाच्या प्रश्नात जात कशाला आणता, असं त्या वेळी बोललं गेलं असेल. पण जातच पोट ठरवत होती. कमी पगाराचं खातं म्हणजे कमी डाळ, लांबलेली उधारी, दाटीची खोली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मुंबईत युरोपियनांमध्ये दर हजारी ८.३, पारश्यांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९ आणि खालच्या समजल्या गेलेल्या जातींच्या हिंदूंत ६१.६ मृत्यू झाले. विषाणू सगळ्यांना एकच होता. त्या वर्षी पाऊस बुडाला होता, धान्याचे भाव चढले होते, आणि कोणाचं शरीर आधीच पोखरलेलं आहे याचा हिशेब साथीनं तीन महिन्यांत पुरा केला.

सगळ्यांत जोरानं मांडला गेलेला आक्षेप दारूचा. पोटाला नाही म्हणता आणि गुत्त्यावर पैसे उडवता, लग्नात कर्ज काढता, हे कसं? दारूनं घरं बुडत होती हे खरं आहे, आणि त्याचा मार सर्वांत जास्त बायकांनी सोसला. त्यावर पांघरूण घालायची माझी इच्छा नाही. पण दोन गोष्टी त्याच हिशेबात धरल्या पाहिजेत. एक म्हणजे १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर सरकारनं ताडी-माडीवर करांचा बोजा वाढवला, गावठी भट्ट्या मोडल्या आणि मक्त्याच्या कारखान्यातली कडक दारू दुकानांतून विकायला लावली. कोकणातल्या माडी काढणाऱ्या भंडारी समाजानं त्याविरुद्ध मोठी तक्रार केली. जमीनमहसुलाच्या बरोबरीनं अबकारी हा मुंबई सरकारच्या तिजोरीचा मोठा आधार झाला होता, म्हणजे ज्या व्यसनाबद्दल कामगाराला बोल लावला जाई त्यावर सरकारच चालत होतं. दुसरी गोष्ट लग्नाची. ज्याला बँक नाही, विमा नाही, निवृत्तिवेतन नाही, त्याची अडीअडचणीची ठेव म्हणजे भाऊबंद आणि गावकी. लग्नातला खर्च हा त्या नात्यांचा हप्ता होता. संपाच्या काळात ते नातं उपयोगी पडलं. १९२८ मध्ये हजारो कामगार गावी गेले आणि तिथल्या भातावर महिनेच्या महिने काढले, म्हणूनच तो संप सहा महिने टिकला. मुंबईत राहिलेल्यांना वाण्यानंच उधार दिलं, कारण कामगार हरला तर त्याची वहीही बुडणार होती.

शेवटचा आक्षेप असा की गावात याहून वाईट होतं, म्हणूनच लोक मुंबईला येत राहिले. हे खरं आहे. कोकणातल्या तुकड्या-तुकड्यांच्या खाजणांवर आणि वरकस जमिनीवर वर्षाचं धान्य निघत नव्हतं. पण गाव आणि शहर या दोन वेगळ्या चुली नव्हत्या. मुंबईतल्या एका पगारावर दोन्ही पेटत होत्या. गावच्या सावकाराचा हप्ता, सरकारचा सारा, म्हाताऱ्यांचं औषध मनिऑर्डरीनं जायचं. गिरणीमालकाला कमी पगार परवडायचा, तो कामगाराचं बालपण, म्हातारपण आणि आजारपण गाव सांभाळत होतं म्हणून. गावाच्या दारिद्र्याकडं बोट दाखवून शहराच्या पगाराचं समर्थन करणाऱ्यांनी हा दुवा कधीच मोजला नाही.

ताट असं असण्याचं कारण पगाराच्या तारखेत आणि उधारीत असेल, तर ती बदलल्यावर ताट बदलायला हवं. थोडंथोडं तसं झालं, आणि प्रत्येक वेळी भांडूनच झालं. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती भत्त्याच्या विधेयकाला आंबेडकरांनी ठाम पाठिंबा दिला. १९२९ मध्ये त्याचा कायदा झाला, आणि बाळंतिणीला काही आठवडे तरी गिरणीबाहेर राहता आलं. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगानं पगार उशिरा देण्याच्या पद्धतीवर बोट ठेवलं. १९३६ च्या पगार कायद्यानं हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांत सात दिवसांत आणि मोठ्या कारखान्यांत दहा दिवसांत पगार देण्याचं बंधन घातलं, आणि दंडाच्या कापणीवर मर्यादा आणली. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं आणि वाण्याच्या भावाची मक्तेदारी धान्यापुरती तरी मोडली. खाणावळवालीला मात्र यातलं काहीच लागू नव्हतं, कारण ती कुणाचीच नोकर नव्हती. तिच्यापर्यंत पोचायला १९७५ उजाडावं लागलं. प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खाणावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेतून माफक व्याजाचं कर्ज मिळवून दिलं. त्या बायकांना स्वयंपाक आधीपासूनच येत होता. त्यांना हवी होती रोख रक्कम. ती मिळताच त्या सावकाराच्या आणि वाण्याच्या तावडीतून सुटू लागल्या, धान्य रोखीनं आणि जास्त मापात घेऊ लागल्या.

आज बांधकामावरचे मजूर, ऊसतोड कामगार, घरकाम करणाऱ्या बायका, कंत्राटी सफाई कामगार यांच्या मुलांची वजनं मोजली जातात, हिमोग्लोबिन तपासलं जातं, आणि आयांना सकस आहाराची चित्रं दाखवली जातात. ऊसतोड कामगार तर मुकादमाची उचल घेऊनच घर सोडतो आणि ती फिटेपर्यंत त्याच्या हातात रोख पैसा क्वचितच येतो. ही मोजमापं जरूर व्हावीत. पण पाहणी करणाऱ्या प्रत्येकानं आपल्या प्रश्नावलीत आणखी तीन प्रश्न घालावेत, अशी माझी विनंती आहे: पगार कोणत्या तारखेला मिळतो, किराणा उधार कुठून आणता, आणि त्यावर व्याज किती पडतं.